टाकी क्रमांक दोनचे विरजण

सुज्ञ वाचकहो, एका टाकीत वाढलेल्या जिवांची, त्यांना मारण्याचा हुकूम का निघाला याची, आणि तो हुकूम मी का मानला नाही याची हकीगत मी पुढील पानांत सादर करणार आहे. या हकीगतीत आरोपी मीच आहे. हे आरंभीच नमूद करणे मला प्रामाणिकपणाचे वाटते. लवादाच्या निकालपत्रात माझे नाव सत्तावीस वेळा आले आहे, तथापि माझे म्हणणे त्यात अवघ्या दोन ओळींत उरकले आहे. निकालपत्राची भाषा सुंदर आहे. मी ते चार वेळा वाचले. माझे शालेय शिक्षण आठवीपर्यंत झाले. पुढील शिक्षण नगरवाचनालयातील जुन्या मासिकांतून आणि सांडपाण्याच्या काठावर झाले. तरी जे घडले ते क्रमाने व शुद्ध लिहिण्याचा मी यत्न करतो.

इसवी सन २०४२. आमचे वेळापेठ हे सत्तर हजार वस्तीचे गाव यंत्रमागांचे व रंगारी कारखान्यांचे. गावाचे समस्त सांडपाणी, म्हणजे न्हाणीघराचे, संडासाचे आणि रंगाच्या हौदांचे, उताराने बाभूळ ओढ्याच्या काठी असलेल्या शुद्धीकरण केंद्रात येते. केंद्र सुरू झाल्या दिवसापासून बारा वर्षे मी तेथे चालक होतो. माझ्यासमवेत कमरुद्दीन मुजावर हे फिटर होते. त्यांना सारे गाव कमरूभाई म्हणे.

केंद्राचे शास्त्र प्रथम सांगतो, कारण त्यावाचून माझा गुन्हा वाचकांस कळणार नाही. सांडपाणी चाळणीतून गाळून टाकीत येते; आमच्याकडे अशा दोन टाक्या होत्या. टाकीत कोट्यवधी सूक्ष्मजीव असतात. खालून हवा सोडली की ते श्वास घेतात आणि पाण्यातील घाण खातात. घाण हेच त्यांचे अन्न. जुन्या पद्धतीच्या केंद्रांत पुढे हे पाणी निवळत ठेवीत; गाळ तळाशी बसे आणि वरचे पाणी ओतून घेत. त्यात पुष्कळ जीव पाण्याबरोबर वाहून जात, आणि जे सावकाश वाढणारे ते तर हमखास जात. आमच्या केंद्रात निवळत ठेवण्याचा प्रकारच नव्हता. टाकीतच पडदे बुडवलेले होते. पडदा म्हणजे कापड नव्हे. शेवयांसारख्या बारीक, आतून पोकळ अशा हजारो नळ्यांचा तो जुडगा असतो. नळीच्या अंगावर छिद्रे असतात. माणसाच्या केसाची जाडी घेऊन तिचे दीड हजार भाग करावेत, त्यांतील एका भागाएवढे एक छिद्र. पंप आतून पाणी ओढतो. पाणी नळीत शिरते, आणि जीव बाहेरच राहतो, कारण तो त्या छिद्राहून पंचवीस पट मोठा. यास्तव आमच्या टाकीत एकदा शिरलेला जीव सहसा बाहेर जात नाही. मंद असो वा चपळ, त्याला वाढावयास वेळ मिळतो. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

पडद्याचा शत्रू म्हणजे बुळबुळीत थर. सूक्ष्मजीव एकमेकांस रासायनिक खुणा पाठवतात. पुरेशी टाळकी जमली असे त्यांस कळले की सारे मिळून पडद्यावर चिकट घर बांधतात. मग छिद्रे बुजतात, पंपास जोर लागतो आणि दाबाचा काटा चढतो. बारावर काटा असला की सर्व ठीक. चाळीसवर गेला की केंद्र बंद. या संकटावर निर्झर नावाच्या कंपनीने ‘निर्मळ-९’ हे सूक्ष्मजीवांचे वाण काढले. हे वाण रंग खाई, आणि इतर जीवांच्या त्या खुणाही खाऊन टाकी. खूणच पोहोचली नाही तर घर बांधणार कोण? आमच्या भागातील नऊ गावांनी हे वाण घेतले.

मात्र कंपनीने त्यात एक उणीव मुद्दाम ठेवली होती. निर्मळला जगण्यास लागणारे एक सत्त्व स्वतः बनवता येत नसे. ते ‘प्राणसार’ नावाने निळ्या डब्यांतून दर पंधरवड्यास येई, व आम्ही ते टाकीत ओतीत असू. हे वाण रानोमाळ पसरू नये म्हणून अशी व्यवस्था केली आहे, असे कंपनी सांगे. ते कारण खोटे नव्हते. ते अर्धे होते.

माघ महिन्यात प्राणसार बनवणाऱ्या कारखान्यास आग लागली आणि डबे यावयाचे थांबले. तिसऱ्या आठवड्यात मला बोरनाळ केंद्राच्या चालक इंदुमती खोत यांचा दूरध्वनी आला. बोरनाळ आमच्यापासून अकरा मैल आहे.

“दादा, काटा किती तुमचा?”

“बारा.”

“चेष्टा नका करू हो. माझा जीव टांगणीला लागलाय.”

“बाराच हाय, इंदूताई. तुमचा?”

“अडतीस. सकाळी चौतीस होता. टाकी काळीठिक्कर पडलीय, कुजक्या अंड्यावाणी वास मारतोय. कंपनीवाले म्हणत्यात केंद्र बंद करा, नाला सरळ ओढ्यात सोडा. दहा आठवड्यांनी नवा माल येणार म्हणं.” मग त्या थांबल्या. “ओढ्याच्या खाली माझं सासर हाय, दादा. तीन वस्त्यांच्या विहिरी ओढ्याला लागून हायत्या.”

मी फोन ठेवून काट्याकडे पाहिले. काटा बारावरून हलला नव्हता. कमरूभाईंनी त्याच्या काचेवर बोटाने टिचकी मारली.

“हणमंता, बारा वर्षं हे कंपनीवाले डब्यातनं आपल्याला पाणीच तर पाजत नव्हते?”

“मग बोरनाळची टाकी का मेली?”

“ते बी खरंच की,” असे म्हणून त्यांनी टाकीकडे पाहिले. त्यांच्या मनात जे आले तेच माझ्याही मनात आले होते. परंतु आम्ही उभयतांनी ते उच्चारले नाही.

पाचव्या आठवड्यात बोरनाळच्या खालच्या वस्त्यांत कावीळ सुरू झाली. नऊपैकी आठ केंद्रे बंद होती. वेळापेठचे तेवढे चालू आहे हे कंपनीच्या संगणकांवर दिसतच होते, पण आमचे मापक बिघडले असावे किंवा आम्ही डबे दडवले असावेत अशी त्यांची समजूत झाली. शहानिशा करण्यासाठी कंपनीने आपली वाण-निरीक्षक पाठवली. ती निरीक्षक म्हणजे माझी कन्या सानिका.

सानिका सूक्ष्मजीवशास्त्रात पदव्युत्तर झालेली. कंपनीत तिला चार वर्षे झाली होती. फाटकाशी जीप थांबली, ती उतरली, सवयीने बूट काढून बाजूला ठेवले आणि आत आली.

“डबे कुठं ठेवलेत, आप्पा?”

“आधी चहा घे.”

“मी कामावर आहे.”

“चहा बिनकामाचीच माणसं पितात व्हय?” कमरूभाई म्हणाले. “बस, पोरी. तुझा बाप डबे चोरण्याएवढा हुशार असता तर आज नगरसेवक असता.”

तिने हसू दाबले. दोन्ही टाक्यांचे नमुने घेतले आणि जीपमधील वाचनयंत्रात घातले. हे यंत्र नमुन्यातील जिवांची जनुके वाचून कोण कोण आहे ते पाऊण तासात सांगते. पाऊण तास आम्ही तिघे ओसरीवर बसलो. नंतर तिने फलकावरील आकडे वाचले, पुन्हा वाचले, आणि उठून उभी राहिली.

“निर्मळ जिवंत आहे. डब्याशिवाय. हे होऊ शकत नाही.” तिचा आवाज बारीक झाला होता. “त्याच्याबरोबर आणखी दोन जीव आहेत, आमच्या यादीत नसलेले. नेहमीच्या तपासणीत आम्ही फक्त निर्मळ मोजतो. आप्पा, टाकीत काय टाकलंत?”

कमरूभाईंना ठसका लागला.

“आप्पा.”

“आंबील,” मी म्हणालो.

“काय?”

“आंबील. जोंधळ्याची. तुझ्या आईच्या हातची.”

आता जे माझ्या आरोपपत्रात पहिल्या कलमात आहे ते मी येथे सविस्तर लिहितो. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची व यंत्रांची पूजा होते. पहिल्या वर्षी आम्ही पंपाला हळदकुंकू वाहिले, पाने-पंचे साफ करून मांडले, कमरूभाईंनी नारळ फोडला. मग टाकीपाशी आलो आणि अडलो. लोखंडाला कुंकू पुरते. टाकीत तर जीव होते, आणि तेच खरे कामकरी. वर्षभर जो आपली घाण खातो त्याला सणादिवशी कोरडे कुंकू लावायचे हे मला लाजिरवाणे वाटले. घरी मालनने नैवेद्यासाठी आंबील केली होती, दोन दिवस आंबवलेली, ताक घातलेली. मी घागर आणली आणि दोन्ही टाक्यांत निम्मी निम्मी ओतली. कंपनीच्या नियमपुस्तिकेत ‘बाह्य पदार्थ टाकीत टाकण्यास सक्त मनाई’ असे ठळक छापलेले होते, आणि ते मी वाचलेले होते. पुढे दर खंडेनवमीस हा नेम चालला.

“किती वर्षं?” सानिकाने विचारले.

“बारा.”

“आणि आईला माहीत होतं?”

“घागर तिचीच. ताक-मिठाचं प्रमाण पण तीच बघायची.”

“म्हणजे सगळ्या घराला माहीत. टाक्यांची तपासणी जिच्या सहीनं होते, तिला तेवढं माहीत नाही!” ती हसू लागली, आणि हसता हसता तिने कपाळाला हात लावला. मग तिने मला समजावून सांगितले, ते मी माझ्या शब्दांत देतो. आंबिलीतील आणि त्या जोंधळ्यावरील असंख्य जीव टाकीत आले. बहुतेक मेले. परंतु दोन जाती अत्यंत मंद वाढणाऱ्या होत्या. जुन्या पद्धतीच्या केंद्रात त्या आठवड्यात वाहून गेल्या असत्या. पडद्याने त्यांना जाऊ दिले नाही. वर्षानुवर्षे त्या तेथेच रुजल्या, बदलल्या. निर्मळला जे सत्त्व बनवता येत नाही ते या दोन जाती बनवतात आणि जास्तीचे पाण्यात सांडतात.

“तुमचा निर्मळ त्यांच्या उष्ट्यावर जगतोय,” ती म्हणाली.

“मग इंदूताईला एक टँकर देतो. तिची टाकी बी लागंल.”

तिचा चेहरा उतरला. “नाही आप्पा. हे मला कळवावं लागेल. आणि कळवलं की हुकूम काय येणार तेही मला माहीत आहे. दोन्ही टाक्या हायपो सोडून मारून टाकायच्या.”

“का?”

“कारण हे दोघं कोण आहेत हे कुणालाच माहीत नाही. गाळ शेतात खत म्हणून जातो. उद्या त्यातून काही उपद्रव निघाला तर? मी घाबरवत नाही, खरंच माहीत नाही.”

“बारा वर्षं तो गाळ शेतात जातोय. काय झालं?”

“काही झालं नाही हा पुरावा नसतो, आप्पा.”

“आणि बोरनाळला कावीळ झाली हा पुरावा असतो का नाही?”

ती नमुन्यांच्या बाटल्या पेटीत भरू लागली. मी म्हणालो, “सानिका, विरजण मागायला आलेल्या बाईला आपल्यात दारातनं परत पाठवत नाहीत.”

“हे दही नाही! ह्याच्यावर कंपनीचं स्वामित्व आहे. करारात लिहिलंय. मी इथं तुमची मुलगी म्हणून आलेली नाही.”

“मग बूट काढून आत का आलीस?”

ती फाटकाकडे गेली, बूट घातले, आणि तशीच उलट आत येऊन टेबलावरचा चहा उभ्या उभ्या प्याली. मग अहवाल पाठवला. तिने तो माझ्यासमोर पाठवला, लपवून नाही, हे मी तिच्या बाजूने येथे नोंदवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेखी हुकूम आला. चालकाने दोन्ही टाक्यांत हायपोची झडप पूर्ण उघडावी. हायपो म्हणजे पांढरे कपडे धुण्याच्या औषधाचा थोरला भाऊ. पडदे धुण्यासाठी आम्ही ते आठवड्याला थोडे वापरतच होतो. पूर्ण झडप उघडली तर टाकीत काहीही जिवंत राहत नाही. मी हुकुमाच्या खाली लिहिले, ‘वाचला. मानणार नाही.’ आणि सही केली. सानिका समोर उभी होती.

“आप्पा, नोकरी जाईल.”

“जाऊ दे.”

“अजून दोन वर्षांनी तुम्हाला निवृत्तिवेतन लागणार आहे.”

“इंदूताईची जाऊ सात महिन्यांची गरोदर हाय. काल तिचे डोळे पिवळे झाले. गरोदर बाईला ही कावीळ काय करती हे तू मला सांगशील का मी तुला सांगू?”

तेवढ्यात टाकी क्रमांक एककडून शिटीसारखा आवाज आला. आम्ही धावलो. झडप आपोआप फिरत होती. माझ्या नकाराची वाट कंपनीने पाहिलीच नव्हती. नियंत्रण त्यांच्या मुख्यालयातून होते आणि तेथून त्यांनी ती उघडली होती. टाकीवर पांढरा फेस उसळला. डोळ्यांत चरचरीत वास गेला. बारा वर्षे जी टाकी चॉकलेटी, ओल्या मातीच्या वासाची होती, ती माझ्यादेखत राखाडी होत गेली. माणूस मेल्यावर जे पाहवत नाही तसेच ते होते. मी कठड्याला धरून उभा राहिलो.

“हणमंता, रड मागनं!” कमरूभाई ओरडले. ते टाकी क्रमांक दोनच्या हायपोच्या नळीपाशी गुडघ्यांवर बसून पान्याने बोल्ट फिरवत होते. तीन निघाले होते, चौथा गंजला होता. मी त्यांच्या पान्यावर पाय ठेवून अंगाचा भार दिला. बोल्ट तुटला, नळी निखळली आणि हायपोची धार टाकीऐवजी बाहेर फरशीवर पडली. कमरूभाईंच्या पोटरीची कातडी भाजली. ते शिव्या देत होते, आणि त्या शिव्या येथे शुद्ध भाषेत लिहिता येणार नाहीत.

आम्हांस वाटले, दोन नंबर वाचली.

“रिटर्न लाईन!” सानिका किंचाळली. “आप्पा, मधली रिटर्न लाईन बंद करा, एक नंबरचं हायपो तिकडून येतंय!”

दोन टाक्यांना जोडणारी ती नळी घाईत आमच्या ध्यानातूनच गेली होती. मी वळेपर्यंत ती स्वतः चाकाला लटकली होती. चाक दोन माणसांचे. आम्ही बापलेकींनी ते मिळून फिरवले. शेवटचा वेढा बसला तेव्हा तिच्या तळहाताची साले निघाली होती. तिने नमुना घेतला, यंत्रात घातला, पाऊण तास यंत्रापाशीच उभी राहिली. मग म्हणाली, “दोन नंबर जिवंत आहे.” आणि थोड्या वेळाने, “मी आत्ता काय केलं ते मला कळलंय. तुम्ही काही बोलू नका.”

मी तिच्या तळहातांवर गार पाणी ओतले.

दुपारी इंदुमती खोत मैला उपसण्याची टाकीगाडी घेऊन स्वतः आल्या. गाडी त्यांनी आतून तीन वेळा धुतली होती. आम्ही तिच्यात आठ हजार लिटर विरजण भरले. सानिकाने हवा सोडण्याचा छोटा पंप गाडीत बसवून दिला, वाटेत जीव गुदमरू नयेत म्हणून. ते बसवताना ती इंदुमतीबाईंना म्हणाली, “ह्याचा गाळ सहा महिने शेतात घालायचा नाही. वाळवून बाजूला ठेवायचा, दर महिन्याला मी तपासणार.” बाईंनी मान डोलावली.

“तुमची कंपनी काय म्हणंल, बाई?”

“काय म्हणायचं ते आज सकाळीच म्हणाली,” सानिका म्हणाली.

बोरनाळचा काटा बाराव्या दिवशी चौदावर आला. ओढ्यात जाणारे पाणी पुन्हा नितळ झाले. इंदुमतीबाईंच्या जावेस मिरजेच्या रुग्णालयात ठेवले होते. ती वाचली, पण मूल वाचले नाही. हे मी दडवत नाही, कारण आम्ही पाचव्या आठवड्यात दिलेले विरजण तिसऱ्या आठवड्यातच दिले असते तर काय झाले असते, हा विचार मला सोडीत नाही. काटा बारावर का आहे हे मला तेव्हाच कळावयास हवे होते, आणि अर्धवट कळलेही होते. नियमपुस्तिकेच्या भयाने मी तोंड मिटून बसलो. माझा खरा गुन्हा हा. तो आरोपपत्रात नाही.

त्यानंतर उरलेल्या सात गावांच्या गाड्या आल्या. कोणालाही आम्ही परत पाठवले नाही.

कंपनीने लवादाकडे दावा लावला. सानिकास निलंबित केले. करारातील अकरावे कलम असे होते: ‘अपघाताने अथवा अनवधानाने मिसळलेल्या कोणत्याही जिवासह टाकीतील संपूर्ण द्रव्य कंपनीच्या मालकीचे राहील.’ म्हणजे आंबील चुकून पडली असे ठरले, तर नऊ गावांतील विरजण कंपनीचे. ते सर्व मारून गावांनी पुन्हा निळ्या डब्यांवर जगावयाचे. पण एखाद्या माणसाने जाणूनबुजून काही आणले, घातले आणि पोसले, तर काय? त्याबाबत करारात अवाक्षरही नव्हते. असे कोणी करील हे करार लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही आले नसावे.

सुनावणीच्या आदल्या सकाळी सानिका घरी एक कागद घेऊन आली. नगरपरिषदेच्या वकिलांनी कंपनीशी परस्पर तडजोड करून तो दिला होता. त्यात मी टाकीत बाह्य पदार्थ अनवधानाने टाकला असे लिहिले होते. सही केली तर मला केवळ ताकीद. नोकरी व निवृत्तिवेतन शाबूत. सानिकाचे निलंबनही मागे.

मालन चुलीपाशी होती. ती म्हणाली, “वाचून दाखव.” सानिकाने वाचले. मालनने विचारले, “अनवधान म्हंजे?”

“चुकून. लक्ष नसताना.”

“बारा वर्षं मी दोन दोन दिवस आंबवत होते ते चुकून व्हय?” असे म्हणून तिने भाकरी उलटली.

“आप्पा, सही करा,” सानिका म्हणाली. “माझ्यासाठी नका करू. माझं मी बघेन. तुमच्यासाठी करा. नऊ गावांचं नऊ गावं बघतील.”

“शास्त्राच्या दृष्टीनं खरं काय, तेवढं सांग.”

“शास्त्राला तुमचा हेतू दिसत नाही. यंत्रात फक्त जीव दिसतात. ते कुणी कुठल्या मनानं टाकले हे त्यात येत नाही.”

“मग ते मलाच सांगावं लागंल.”

“एवढा हट्ट कशापायी?” ती ओरडली. तिचे डोळे भरले होते. “एका शब्दासाठी?”

कागद मी घडी करून तिच्या हातात परत दिला.

सुनावणी जिल्ह्याच्या ठिकाणी झाली. लवाद म्हणून श्रीमती टिळेकर नावाच्या निवृत्त न्यायाधीश होत्या, शांत आवाजाच्या. प्रथम सानिकाची साक्ष झाली. तिने एकही गोष्ट फिरवली नाही. वडिलांनी नियम मोडला, असे ती म्हणाली. जीव अनोळखी होते, असे म्हणाली. आणि सहा महिन्यांच्या तपासणीत त्यांच्यापासून उपद्रव आढळलेला नाही, परंतु आणखी वर्षभर तपासावे लागेल, असेही म्हणाली. दोन्ही बाजूंचे वकील तिच्यावर नाराज झाले. मला तिचा फार अभिमान वाटला.

मग मी उभा राहिलो. कंपनीचे वकील मृदू स्वरात म्हणाले, “वायदंडे, आपणास सूक्ष्मजीवशास्त्राचे ज्ञान आहे काय?”

“नाही, साहेब.”

“आंबिलीत कोणते जीव असतात हे आपणास ठाऊक होते?”

“नाही.”

“निर्मळला कशाची उणीव आहे हे ठाऊक होते?”

“डबा लागतो एवढं ठाऊक होतं.”

“म्हणजे आपण जे केले ते काय आहे हे आपणास कळत नव्हते. मग ते अनवधानच झाले, नाही का?”

सभागृहात नऊ गावांचे चालक बसले होते. कमरूभाई पोटरीवरचा भाजल्याचा वण घेऊन पहिल्या रांगेत होते. मला वाचनालयात वाचलेले पुष्कळ भारदस्त शब्द आठवत होते, परंतु त्या क्षणी त्यांतील एकही कामाचा वाटला नाही.

“अज्ञान म्हणा, साहेब,” मी म्हणालो. “ते कबूल. मी आठवी पास. पण अनवधान म्हणू नका. टाकीत जिवंत गडी राबतात हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. राबणाऱ्याला सणाला जेवायला घालायचं, म्हणून घातलं. जाणून घातलं. मनाई वाचून घातलं. बारा वर्षांत एकदाही तारीख चुकली नाही. तुमच्या कंपनीचे डबे सात वेळा उशिरा आले.”

मागे कोणी तरी हसले. टिळेकरबाईंनी हात वर करून शांतता केली. त्या म्हणाल्या, “वायदंडे, हे असेच लिहून घेतले तर आपली नोकरी राहणार नाही. आपणास विचार करण्यास वेळ हवा आहे का?”

“नको, बाईसाहेब. लिहून घ्या. मी सही करतो.”

मी सही केली. माझी सही मोठी आणि वाकडी आहे. ती त्या सुंदर निकालपत्राच्या शेवटच्या पानावर दिसते. निकाल असा झाला: टाकी क्रमांक दोनमधील द्रव्य कंपनीच्या वाणापासून इतके भिन्न झाले आहे, आणि ते भिन्नत्व एका माणसाने हेतुपुरस्सर व सातत्याने घडवले आहे, की त्यावर अकराव्या कलमाने मालकी सांगता येत नाही. ते नऊ गावांचे राहील. सदर माणसास नियमभंगाबद्दल सेवेतून बडतर्फ करण्यात येत आहे, आणि त्याचे निवृत्तिवेतन रद्द होत आहे.

बाहेर पायऱ्यांवर सानिका माझ्याजवळ आली. तिला नोकरी परत मिळणार नव्हती हे तिलाही कळले होते. मग म्हणाली, “बोरनाळचा गाळ उद्या तपासायचाय. एस.टी. पहाटे सहाची आहे. येणार असाल तर आईला डबा सांगा.”

“मी कशाला? मला कामावरनं काढलंय.”

“मलाही काढलंय,” ती म्हणाली. “म्हणून तर सांगतेय.”

वाचकहो, निकालपत्रात मला ‘शिस्तभंग करणारा कर्मचारी’ म्हटले आहे. ते सत्य आहे. बडतर्फीविरुद्ध अपील करण्याची मुदत मला दिली होती, ती मी जाऊ दिली. अपिलात पश्चात्तापाचा परिच्छेद लिहावा लागतो, असे वकिलांनी सांगितले. मी गप्प बसलो त्या दोन आठवड्यांचा पश्चात्ताप मला आहे, आणि तो मी वर लिहिला आहे. आंबिलीचा पश्चात्ताप मला नाही, आणि जो नाही तो लिहिता येत नाही.

इतके दीर्घ लेखन आपण शेवटपर्यंत वाचलेत, एका चालकाच्या शब्दांस आपला अमूल्य वेळ दिलात, याबद्दल मी आपणा सर्वांचा मनःपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
हणमंत लक्ष्मण वायदंडे
माजी चालक, सांडपाणी शुद्धीकरण केंद्र, वेळापेठ